डब्याच्या जागी बाटली

घरात त्याला रेघोट्या म्हणत. लहानपणी भिंत दिसली की कोळसा, खडू, हाताला लागेल ते घेऊन हा ओढायला सुरुवात करायचा, आणि मागून थोरला भाऊ ओलं फडकं घेऊन भिंत पुसत यायचा, अशी दोघांची कामाची वाटणी होती. पुढे रेघोट्या ओढूनही पोट भरतं हे कळल्यावर सगळ्यांत जास्त आश्चर्य त्या थोरल्यालाच वाटलं. "भिंती पुसण्यात माझा जन्म गेला, आणि ह्याला लोक त्याचेच पैसे देतात!" असं दादा डेपोत ज्याला त्याला सांगायचा, आणि सांगताना फुशारून जायचा.

दादा बस चालवायचा. रेघोट्या ग्राफिक डिझायनर होता, तोही कुणाच्या नोकरीत नसलेला. मालक तोच, कारकून तोच, चहा करणाराही तोच. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीखाली मोठा रस्ता, खिडकीला लागून कॉम्प्युटरचं टेबल आणि भिंतीशी जेवणाचं एक लहान टेबल, ज्यावर जेवण सोडून सगळं असायचं: छापून आलेले नमुने, रंगांची पुस्तिका, शाई वाळलेली पेनं. कामं म्हणाल तर साबणाची वेष्टनं, शिकवणी वर्गाची हँडबिलं, पाइप विकणाऱ्याचं कॅलेंडर. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पाटीवरचे दात इतक्या वेळा पांढरे करून घेतले होते, की शेवटी पाटीवर दात आहेत हे सांगावं लागे. "मला यातलं काही कळत नाही, पण..." असं गिऱ्हाइकाने सुरू केलं की रेघोट्या मनातल्या मनात कपाळाला हात लावायचा. ज्याला कळत नाही तोच सगळ्यांत जास्त बदल सांगतो, हा त्याचा अनुभव होता.

या धंद्यात एक रीत आहे. जाहिरातीत फोटो लागणार असेल आणि तो अजून मिळालेला नसेल, तर हाताशी असलेला कोणताही फोटो तिथे तात्पुरता लावून ठेवायचा. बसच्या सीटवर पिशवी ठेवून जागा धरतात, तसंच. गिऱ्हाइकाला मांडणी कळते, आणि खरा फोटो आला की पिशवी उचलायची. रेघोट्याने आजवर अशा शेकडो पिशव्या ठेवल्या आणि उचलल्या होत्या. एक उचलायची राहिली. राहिली म्हणणंही खोटं आहे. त्याने उचलली नाही.

झालं असं. एका दुपारी दादा दोन पाळ्या सलग करून घरी जाताना त्याच्याकडे डोकावला. वहिनींनी दिलेला जेवणाचा डबा द्यायला आला होता. रेघोट्या एकटा राहतो म्हणजे उपाशीच राहत असणार, असं वहिनींनी ठरवून टाकलेलं होतं. दादाने जेवणाच्या टेबलावरचे कागद सरकवले, डबा ठेवला, "दोन मिनिटं बसतो" म्हणाला आणि बसल्या बसल्या झोपला. गाल तळहातावर, तोंड अर्धवट उघडं, शर्टाची कॉलर एका बाजूला चढलेली, केसांचा पार विस्कोट. रेघोट्याने फोटो काढला. प्रेमानेच काढला. वहिनींना दाखवून चिडवू, एवढंच मनात होतं.

त्याच आठवड्यात दारू सोडवणाऱ्या एका केंद्राचं काम आलं. केंद्राचे व्यवस्थापक बोलायला मृदू आणि घाईला पक्के. मथळा त्यांनीच दिला होता: "तुमच्या घरात असा कोणी आहे?" खाली फोन नंबर. मधे हवा होता एक माणूस. रेघोट्याने शोधाशोध केली. विकत मिळणाऱ्या फोटोंतले दारुडे सगळे तुकतुकीत, दाढीसुद्धा न्हाव्याकडून करून घेतल्यासारखी. वैतागून त्याने जागा धरायला दादाचा फोटो लावला. ओळख पटू नये म्हणून दाढीचे खुंट पांढरे केले, डोळ्यांखाली काळं ओढलं, हनुवटीवरचा तीळ पुसला. मग हातच थांबेना. गालावर दोन सुरकुत्या खोल केल्या, कपाळावरचे केस विरळ केले. काम चांगलं होत असलं की माणसाला आपण काय करतोय त्याचा विसर पडतो. रेघोट्याला पडला.

व्यवस्थापकांनी फोटो पाहिला आणि त्यावर बोट ठेवलं.

"हाच," ते म्हणाले. "हाच हवा. कोण आहे हो हा?"

इथे "साहेब, हा तात्पुरता आहे" एवढी चार शब्दांची गोष्ट होती. पण कौतुक फार दिवसांनी कानावर पडलं होतं.

"आहे एक ओळखीचा," रेघोट्या म्हणाला.

"त्यांची हरकत नाही ना?"

"छे! त्यांची कसली हरकत?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. व्यवस्थापक खूश झाले. फक्त एकच बदल सांगितला. "समोर तो डबा दिसतोय, तो काढा. तिथे बाटली ठेवा."

रेघोट्याने डबा काढला आणि बाटली ठेवली. सावली बरोबर पडेल अशी ठेवली. वहिनींनी दिलेलं जेवण तो त्याच आठवड्यात त्या डब्यातून जेवला होता, आणि रिकामा डबा अजून मागच्या ओट्यावर होता. ते त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. हँडबिलं निघतील, चार दवाखान्यांत पडतील आणि रद्दीत जातील, अशी त्याने मनाची समजूत घातली.

हँडबिलं रद्दीत गेलीही असतील. पण एका सकाळी खिडकीत चहा पिताना त्याने खाली पाहिलं, तर थांब्यावरून निघालेल्या बसच्या पाठीवर, मागच्या काचेखालचा सगळा पत्रा व्यापून, दादा झोपलेला होता. समोर बाटली. वर मथळा. चहा हातातच राहिला आणि बस वळणावरून गेली. पाठोपाठ दुसरी आली. तिच्या पाठीवर डोकेदुखीची गोळी होती म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला. तिसरीवर पुन्हा दादा.

आता हे ज्याच्या बाबतीत झालं तो माणूस कसा, तेही सांगायला हवं. यांचे वडील दारूपायी गेले, असं घरात म्हणत. तेव्हा रेघोट्या सात वर्षांचा होता आणि दादा अठराचा. दादाने शिक्षण सोडलं, हाताला मिळेल ते काम धरलं, पुढे आई गेल्यावर धाकट्याला स्वतःच्या हाताने वाढवलं. दारूचा थेंब शिवला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन मग प्यायचा. डेपोत पाळीवर जाताना चालकांना यंत्रात फुंकर मारावी लागते. काही जण ती मारताना इकडेतिकडे पाहतात, दादा मात्र वाढदिवसाची मेणबत्ती विझवायला जावं तसा पुढे व्हायचा. "माझ्या फुंकरीने त्या यंत्राला नुसता वारा लागतो," असं म्हणायचा. आयुष्यभर जपलेली ही एवढी एकच चीज त्याच्याकडे होती. तीच सख्ख्या भावाने बसच्या पाठीवर उलटी टांगली होती.

रेघोट्याने तडक व्यवस्थापकांना फोन लावला. फोटो बदलू या, माझ्याकडे आणखी चांगला आहे, फुकट करून देतो, म्हणाला.

"अहो, वेड लागलंय का?" व्यवस्थापक म्हणाले. "फोन थांबत नाहीयेत आमचे. बायका विचारतात, हा माणूस बरा झाला का? काल एकजण स्वतःहून दाखल झाला. तुमच्या त्या माणसाला आमचे आभार सांगा."

आभार! रेघोट्याने फोन ठेवला. वाईट झालं असतं तर ओरडता तरी आलं असतं. इथे चार घरांचं भलं होत होतं, आणि त्यामुळे ह्याला आपलं तोंड लपवायला जागाच उरली नव्हती.

त्यानंतर त्याने खिडकीला पडदा लावला. डिझायनरच्या खोलीत उजेड नको म्हणजे काय झालं ते ओळखा. पडद्यामागून बसचा आवाज आला तरी त्याला घाम फुटायचा. सुट्टीच्या दिवशी दादाकडे जेवायला जाणं त्याने बंद केलं. एकदा काम आहे म्हणाला, एकदा पोट बिघडलंय म्हणाला. पोट बिघडलं म्हटल्यावर वहिनींनी मऊ भाताचा डबा पाठवला, तो खाताना घास गिळेना. खाई त्याला खवखवे, म्हणतात. ह्याला दोन्ही अर्थांनी खवखवत होतं.

आणि मग दादाचा फोन आला. "आज ये. बोलायचंय." एवढंच. दादा फोनवर हवापाण्यापासून सुरुवात करणारा माणूस. रेघोट्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तो गेला तेव्हा दादा नुकताच पाळी संपवून आला होता. अंगावर अजून गणवेशाची पँट, वर बनियन. दोघे खुर्च्यांवर समोरासमोर बसले. वहिनी दाराशी उभ्या राहिल्या.

"डेपोतली पोरं मला चिडवत होती," दादा म्हणाला. "म्हणे, बसच्या मागे तुमच्या घरातलं कोणीतरी दिसतंय. मी हसण्यावारी नेलं. आज सिग्नलला पुढच्याच बसवर दिसलं. हिरवा दिवा लागला तरी मी गाडी हलवली नाही. मागून सगळे भोंगे वाजवायला लागले."

रेघोट्या खाली बघत होता. आता पाय धरावेत का, असा विचार त्याच्या मनात आला.

"खाली कोपऱ्यात तुझी ती सही असते ना, बारीक, तीही बघितली. म्हणून बोलावलं." दादाने घसा खाकरला. "बाबांचा फोटो तुला कुठे मिळाला रे?"

रेघोट्याने वर पाहिलं.

"आईने तर एकही ठेवला नव्हता. सगळे फाडले होते तिने, माझ्यासमोर. मला वाटायचं, मी त्यांचा चेहरा विसरलो. पण विसरलो नव्हतो. तेच! तस्सेच बसायचे ते टेबलापाशी." दादा थांबला. "आधी राग आला तुझा. वाटलं, मेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर कशाला? मग वाटलं, त्यांना त्या वेळी असं केंद्र कुणी दाखवलं नाही. आता त्यांचा चेहरा बघून दुसरा कोणी सुधारत असेल तर सुधारू दे. आयुष्यात एवढं तरी चांगलं केलं त्यांनी."

सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात बापाचा चेहरा कितीसा राहणार? रेघोट्याला आठवत होती एक पाठ आणि टेबलावर टेकलेलं डोकं. ज्या सुरकुत्या त्याने मनाने ओढल्या होत्या, त्या ओढता ओढता त्याने दादाचे बाबा करून टाकले होते, आणि हे त्याला आत्ता, दादाच्या तोंडून कळत होतं. सुटलो, असंही त्याला वाटलं. क्षणभर, पण वाटलं. त्या वाटण्याची त्याला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली.

"एक काम कर," दादा म्हणाला. "तुझ्या हातात कला आहे. ती बाटली काढून टाक, तोंड मिटव, जरा माणसांत आण त्यांना. मला भिंतीवर लावायला बाबांचा एक चांगला फोटो करून दे. इतकी वर्षं नाही लावला. आता लावतो."

"करतो," रेघोट्या म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊजी, मीही बघितली ती बस. त्यातल्या शर्टाची झिजलेली कॉलर मी उलटवून शिवलेली आहे. कापड पुरलं नव्हतं, म्हणून एक टोक आखूड राहिलंय. सासऱ्यांना तर मी कधी पाहिलंसुद्धा नाही, त्यांच्या शर्टाला मी कशाला हात लावू?"

रेघोट्या एक पायरी खाली उतरला.

"ह्यांना मी काही बोलले नाही. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. आता हे भिंतीला खिळा ठोकायला निघालेत." "जिवंत माणसाला मेलेला म्हणून भिंतीवर टांगणार का तुम्ही? माझ्या घरात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा बाजूला करून रेघोट्या कामाला बसला. दादाला द्यायचा फोटो करून बघू, असं ठरवून बसला होता. वहिनींचं ऐकायचं की नाही, ते नंतर बघू. मूळ चित्र न बिघडवता एकावर एक थर चढवत काम करायची या धंद्यात सोय असते, आणि वाटलं तर एकेक थर उतरवताही येतो. त्याने बाटलीचा थर उतरवला. खाली डबा होता. सुरकुत्यांचा थर उतरवला, पांढऱ्या खुंटांचा उतरवला, हनुवटीवर तीळ परत आला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दादा झोपलेला होता, दोन पाळ्या करून दमलेला, धाकट्याला डबा पोचवायला आलेला. रेघोट्या त्याच्याकडे बघत राहिला आणि मग हमसून रडला. दारू प्यायलेल्या माणसाचा म्हणून लोकांनी जो चेहरा मान्य केला होता, त्यात त्याने घातलेलं फारच थोडं होतं. बाकी सगळा नुसता थकवा होता. त्या थकव्यावर तो लहानाचा मोठा झाला होता.

त्याने मूळ फोटो तसाच छापून घेतला आणि दुपारी दादाकडे गेला. हँडबिलाची एक प्रतही बरोबर नेली.

दादाने भिंतीवर खिळा ठोकलेला होता.

"दादा, ते बाबा नाहीत," रेघोट्या दारातूनच म्हणाला. आत जाऊन बसलो तर धीर सुटेल, अशी त्याला भीती होती. "तो तू आहेस. माझ्याकडे झोपला होतास ना, तेव्हा मी फोटो काढला होता. जागा धरायला लावला आणि मग त्यांना आवडला, आणि मी बोललो नाही. विचारलं होतं त्यांनी. मी खोटं सांगितलं. चुकलो मी, दादा."

दादाने दोन्ही कागद हातात घेतले. खुर्ची ओढली, बसला, चष्मा लावला. वहिनी आतून येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दादाने दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

"म्हणजे पुढच्या बसवर मी," दादा शेवटी म्हणाला, "आणि मागच्या बसमध्येही मीच." आणि तो हसला. मोठ्याने नाही, पण हसला.

"तू मार मला," रेघोट्या म्हणाला.

"मारायचं वय गेलं तुझं. बस खाली." दादाची नजर कागदांवरून हटत नव्हती. एकदा हा, एकदा तो. "दोन्हीत फरक काय आहे रे?"

"मी सुरकुत्या..."

"त्या सोड. सुरकुत्या काय, आज ना उद्या येतीलच. फरक बाटलीचा आहे. इथे डबा आहे म्हणून हा दमलेला. इथे बाटली आहे म्हणून हा प्यायलेला. चेहरा एकच."

"बाटली मी ठेवली, दादा."

"कळलं मला ते." दादाने चष्मा काढला. हसू केव्हाच गेलं होतं. "बाबा गेले त्या दिवशी सकाळी ते असेच टेबलावर डोकं टेकून होते. तू हाक मारायला निघाला होतास. मी तुझा हात धरून ओढला. म्हटलं, राहू दे, चढलेली असेल. तुला शाळेत सोडलं, मी कॉलेजला गेलो. दुपारी निरोप आला." तो थांबला. "त्याआधी आठवडाभर त्यांनी कुठेतरी ओझी उचलायचं काम धरलं होतं. सोडतो म्हणाले होते. असं ते नेहमीच म्हणायचे, मी कशाला विश्वास ठेवू?"

वहिनी पुढे झाल्या. "अहो, आता ते कशाला..."

"थांब ग. याला विचारू दे." दादा रेघोट्याकडे वळला. तिशी ओलांडलेल्या रेघोट्याला त्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितल्यासारखं विचारलं. "त्या दिवशी टेबलावर बाटली होती का रे? मला आठवतच नाही. मी धरूनच चाललो होतो की असणार. तू त्यांच्या अगदी जवळ गेला होतास. तुला दिसली होती का?"

आपल्या मनावरचं ओझं उतरवायला म्हणून रेघोट्या इथे आला होता. ते उतरलं होतं खरं, पण कुणाच्या खांद्यावर, ते आता समोर दिसत होतं. त्याला त्या सकाळचं फक्त एवढंच आठवत होतं: दादाच्या हाताची घट्ट पकड आणि पायाला चावणारे बूट. टेबलावर काय होतं, काय नव्हतं, त्याने कितीही डोळे ताणले तरी तिथे काही दिसत नव्हतं. तिथली जागा रिकामी होती.

"होती," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. त्यांच्या हातापाशी होती. अर्धी झालेली. वाससुद्धा येत होता."

दादाने श्वास सोडला. कागदांची घडी घातली, उठला आणि पक्कड शोधू लागला, खिळा काढायला. वहिनी रेघोट्याकडे बघत होत्या आणि त्याला त्यांच्याकडे बघवेना. एका दमलेल्या माणसापुढे त्याने बाटली ठेवली होती, त्याची माफी मागायला तो आला होता. आता त्याने दुसऱ्यापुढेही ठेवली होती, आणि त्याची माफी मागायला कुणी उरलेलं नव्हतं.